मला घाई नाही, पण गप्पही बसायचं नाही

समाज मुळापासून बदलून टाकू असं कोणी म्हणालं की माझ्या पोटात आधी गोळा येतो. बाई जुन्या वळणाची दिसतेय असं काहींना वाटेल, वाटू दे. बदल मलाही हवाय, पण माणसं रात्री झोपताना एक आणि सकाळी उठताना दुसरी अशी होत नाहीत हे मी घरात, शेजारात, सासरी-माहेरी इतक्यांदा बघितलंय की एका फटक्यात सगळं साफ करायची भाषा ऐकली की हा फटका नेमका कोणाच्या पाठीत बसणार हाच प्रश्न आधी येतो मनात. बोलण्याच्या बाबतीत मात्र मी एकदम दुसऱ्या टोकाला आहे, तिथे मला जवळजवळ कसलीच बंदी नको. देवावर बोला, शिवाजी महाराजांवर बोला, गांधींवर, आंबेडकरांवर, माझ्या जातीवर, बोला ना. आमच्या ओळखीतल्या लोकांना हे विचित्र वाटतं, म्हणजे तू नक्की कुठल्या बाजूची असं विचारतात.

मला वाटतं ह्या दोन गोष्टी एकाच माणसात राहू शकतात एवढंच नाही, त्या एकत्रच राहायला पाहिजेत. ज्याला तोडफोड नको, बदल सावकाश हवाय, त्याची तर मोकळ्या बोलण्यावाचून गाडी पुढेच जाणार नाही.

हे माझं डोकं नाही. आमच्या कऱ्हाडजवळच्या टेंभूत जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी केसरी सोडून 15 ऑक्टोबर 1888 ला 'सुधारक' काढला तेव्हाच सांगून टाकलं होतं, इष्ट असेल ते बोलणार आणि साध्य असेल ते करणार. शाळेत हे वाक्य निबंधात घालायला पाठ केलेलं असतं सगळ्यांनी, आणि घालतो तेव्हा आपण ते एका दमात म्हणून टाकतो. जरा थांबून वाचलं तर त्यात किती हिशोबीपणा आहे बघा. बोलण्याचं माप वेगळं ठेवलंय आणि करण्याचं वेगळं. बोलताना ते शक्य आहे का, लोकांना पटेल का, कोणाला राग येईल का हे बघायचंच नाही, फक्त योग्य आहे का तेवढं बघायचं. करताना मात्र आज काय जमतंय ते बघायचं. आपण आज नेमकं उलटं करून बसलोय, बोलताना दहादा इकडेतिकडे बघतो आणि करायची वेळ आली की एकदम जेसीबी आणतो.

त्या बोलण्याची किंमत काय पडली तर पुण्यातल्या सनातन्यांनी आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. हा माणूस दम्याने बेजार, पगार बेताचा, 1895 च्या जूनमध्ये वयाच्या अवघ्या 39 व्या वर्षी गेला.

आता समोरची बाजूही नीट मांडली पाहिजे, कारण ती अजिबात बावळट नव्हती आणि खरं सांगायचं तर माझा स्वभाव तिकडेच झुकतो. 1891 चा संमतिवयाचा, म्हणजे मुलीशी, मग ती बायको का असेना, शरीरसंबंधाला किमान वय ठरवणारा कायदा आला तेव्हा टिळकांचं म्हणणं होतं की समाजाच्या आतल्या गोष्टी परक्या सरकारच्या कायद्याने बदलायच्या नाहीत, लोकांना तयार करा, आणि ज्यांना सुधारणा हवीय त्यांनी आधी स्वतःच्या घरात करून दाखवा. त्यांनी त्या वादात सुधारकांसमोर अटीच ठेवल्या होत्या, मुलीचं लग्न 16 च्या आधी नाही, मुलाचं 20 च्या आधी नाही, चाळिशीनंतर पुरुषाने लग्न केलं तर विधवेशीच करायचं, हुंडा नाही, दारू नाही, आणि हे ज्यांना मान्य आहे त्यांनी ते स्वतःवर बंधनकारक करून घ्यायचं. सरकारचा कायदा किती मोठा होता? वय 10 चं 12 केलं, बस. म्हणजे टिळकांच्या अटी कायद्याच्या कितीतरी पुढे होत्या. वाचताना मी मान डोलावत जाते आणि मग कलकत्त्याची फुलमणी आठवते. दहा-अकरा वर्षांची पोर, नवरा तिशी ओलांडलेला, 1890 मध्ये नवऱ्याच्या जबरदस्तीत जीव गेला तिचा, आणि त्याला बलात्काराची शिक्षा होऊ शकली नाही कारण ती कायद्याने 10 च्या वर होती. तिला कोणी जाऊन सांगणार होतं की थांब गं बाळ, समाज तयार होतोय?

तर सावकाशीचा हा दोष आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जो हळू चला म्हणतो त्याच्या अंगावर सहसा काही शेकत नसतं.

पण म्हणून कायदा केला की झालं का, तर तेही नाही. पुढे बालविवाह रोखायला सारडा कायदा आला, 1929 च्या सप्टेंबरात पास झाला आणि 1 एप्रिल 1930 पासून लागू होणार असं ठरलं, मुलीच्या लग्नाचं वय 14. मधल्या सहा महिन्यांत काय झालं असेल? लोकांनी देशभर घाईघाईने पोरींची लग्नं उरकून घेतली, पाळण्यातल्यांचीसुद्धा. कायदा पोरींसाठी केला आणि त्याच्या तारखेनेच हजारो पोरी बोहल्यावर चढवल्या. आणि आज आता वय 18 असून, शाळा-कॉलेज-मोबाईल सगळं असून, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 21.9 टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. पाचातली एक! पुरोगामी महाराष्ट्र म्हणून भाषण ठोकणाऱ्याच्या टेबलावर हा आकडा कोणीतरी लॅमिनेट करून ठेवायला पाहिजे. कायदा दारापर्यंत येतो, उंबऱ्याच्या आत यायला त्याला बोलणारी माणसं लागतात, आणि बोलणाऱ्यांना जर आपण आधीच गप्प केलेलं असेल तर मग आत जायचं कोणी.

ह्याचं एक जवळचं सांगते. माझे काका वारले तेव्हाची गोष्ट, कोल्हापूरकडचं गाव, सोप्यात पुरुष आणि आत माजघरात आम्ही बायका. काकूला मधे बसवलेलं. भावकीतली एक म्हातारी हळदीकुंकवाचा करंडा घेऊन पुढे आली, पुढचं सगळ्यांना माहीत असतं, कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र काढायचं. तेवढ्यात माझी भाची, म्हणजे काकूची नात, इंजिनिअरिंगला आहे, ती काकूच्या पुढ्यात जाऊन बसली आणि म्हणाली आजीच्या अंगाला कोणी हात लावायचा नाही, काही काढायचं नाही आणि काही पुसायचं नाही, हे बेकायदेशीर आहे. (बेकायदेशीर वगैरे काही नव्हतं ते, ठोकून दिलं तिने.) सगळ्या बायका खवळल्या. पोरगी वाया गेली, शिकली म्हणून काय मोठ्यांच्या मधे बोलायचं, आज आजोबा गेलेत आणि हिला भाषण सुचतंय. तिची आईसुद्धा तिच्यावर ओरडली.

आणि मग आत्या बोलली. आत्या म्हणजे काकांची बहीण, स्वतः तरुणपणी विधवा झालेली, जन्मात कधी कोणाला उलट उत्तर दिलं नाही अशी बाई. ती भिंतीला टेकूनच म्हणाली, "फोडू नगासा. हेरवाडचं ऐकलं न्हाईसा व्हय? काचंनं हात कापत्यात, माझं कापल्यालं हाईत. वहिनी काढंल तिचं ती, काय काढायचं ते."

कोणी काही बोललं नाही. काकूने हिरव्या बांगड्या एकेक करून स्वतः उतरवल्या आणि शेजारच्या ताटलीत ठेवल्या, मंगळसूत्र काढून नातीच्या हातात दिलं, कपाळ तसंच ठेवलं. म्हातारी करंडा घेऊन परत गेली. नंतर महिनाभराने गेले तेव्हा काकूच्या कपाळाला बारीक काळी टिकली होती आणि हातात दोन सोन्याच्या पाटल्या.

हेरवाड म्हणजे शिरोळ तालुक्यातलं, आमच्यापासून फार लांब नाही. कोविडमध्ये कितीतरी तरुण बायका विधवा झाल्या, त्यानंतर मे 2022 मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठरावाने कोणाला जेलमध्ये घातलं नाही. पण पेपरात आलं, टीव्हीवर आलं, भजनी मंडळात त्यावर भांडणं झाली, आणि कुठल्यातरी वाटेने ते आमच्या आत्याच्या कानावर येऊन तिथे मुक्काम ठोकून बसलं.

त्या दिवशी जे झालं त्यात भाची जिंकली नाही. तिचं एकही म्हणणं पूर्ण झालं नाही, मंगळसूत्र निघालंच, बांगड्या उतरल्याच. पण ती जर टोकाचं बोलली नसती तर आत्याला मधे उभं राहायला जागाच नव्हती. नातीने सगळंच नाही म्हटल्यामुळे आत्याचं 'फोडू नगासा' हे एकदम समजूतदार, घरातलं, मोठ्या माणसाचं वाटायला लागलं. तेच वाक्य ती एकटी बोलली असती तर तिलाच वेड्यात काढलं असतं. माझ्यासारख्या मधल्या लोकांना हे कळत नाही, आपल्याला वाटतं आपण मुळातच शहाणे म्हणून मधे आहोत. अहो, कोणीतरी लांब जाऊन ओरडतंय म्हणून आपली जागा मधली झालीय.

कर्व्यांच्या घरात तर हे बाप-लेकातच आहे. धोंडो केशव कर्वे, 1893 मध्ये विधवेशी लग्न केलं, मुरूडच्या लोकांनी वाळीत टाकलं, पण गडी पुढे शांतपणे हिंगण्याला आश्रम काढून बसला, पै पै गोळा केली, पायी हिंडला, 1916 ला बायकांचं विद्यापीठ उभं केलं आणि शंभरीत भारतरत्न झाला. थोरला मुलगा रघुनाथ, तो 1921 पासून मुंबईत संततिनियमनाचं केंद्र चालवतोय, त्या पायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्रोफेसरी गेली, आणि जुलै 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून लोकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ, कोरडी, गणितासारखी उत्तरं देतोय. 1931 मध्ये अश्लीलतेचा खटला, 100 रुपये दंड. 1934 मध्ये परत खटला, ह्यावेळी कशावर तर वाचकांनी हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांबद्दल विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरांवर. कर्व्यांच्या बाजूने वकील कोण उभे राहिले माहितीये? डॉ. आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते आपोआप अश्लील होत नाही, हा त्यांचा मुद्दा. हरले. 200 रुपये दंड झाला.

आणि बरोबर अठरा वर्षांनी, 1952 मध्ये, स्वतंत्र भारताच्या सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. रघुनाथराव त्यानंतर जेमतेम वर्षभर जगले, 1953 च्या ऑक्टोबरात गेले, त्यांच्यामागे मासिकही बंद पडलं. ते म्हणत तसं सगळं झालं का, नाही झालं, आणि मला विचाराल तर त्यांची विवाहसंस्थेबद्दलची काही मतं आज वाचतानाही मला पटत नाहीत, कुटुंब मोडीत काढून त्याजागी काय ठेवायचं ह्याचं उत्तर गणितात निघत नाही. पण न पटणारं छापलं गेलं म्हणून पटणारं निवडता आलं. जज्जसाहेबांनी दंड केला तो कशासाठी, तर समाजाची नीती बिघडेल म्हणून. त्या दंडाच्या पावतीवरून आज कोणाची नीती मोजायची?

मग बोलण्याला मर्यादाच नको का, असं विचारलं जातं. तर हवी, आणि तीही आगरकरांच्याच आयुष्यात सापडते. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होतोय म्हणून 'केसरी' आणि 'मराठा' ह्या पेपरांत तिथले दिवाण बर्वे ह्यांच्याविरुद्ध लिहिलं गेलं, त्याला आधार म्हणून काही पत्रं होती आणि ती पत्रं बनावट निघाली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, 1882 मध्ये टिळक आणि आगरकर दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली, सूट मिळून 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले. आपण ते 101 दिवस देशभक्तीच्या खात्यात टाकतो, आणि त्यांचा हेतू स्वच्छ होता ह्यात मला शंका नाही, पण बर्व्यांच्या जागी उभं राहून बघा. तुमच्या नावाची खोटी पत्रं कोणीतरी बनवतंय आणि ती पुण्यातले दोन नामांकित पेपर खरी मानून चालतायत. ठराविक माणसाबद्दल ठराविक खोटं, तिथे मर्यादा पाहिजेच. आजच्या फॉरवर्डवाल्यांना डोंगरीची हवा दाखवली असती तर कोठडीत जागा पुरली नसती.

दुसरी मर्यादा चिथावणीची. सुप्रीम कोर्टाने 24 मार्च 2015 ला आयटी कायद्यातलं 66अ कलम, म्हणजे ऑनलाईन काही आक्षेपार्ह लिहिलं म्हणून अटक करता यायची ते, रद्द केलं तेव्हा ही रेघ फार छान मारलीय, चर्चा करणं वेगळं, एखाद्या मताचा पुरस्कार करणं वेगळं आणि चिथावणी देणं वेगळं, पहिल्या दोन गोष्टी लोकांना कितीही नावडत्या असल्या तरी चालू द्यायच्या, तिसरीपाशी कायद्याने आत यायचं. त्या खटल्याची सुरुवात आपल्याच पालघरची. नोव्हेंबर 2012, बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतर मुंबई बंद होती, एका मुलीने फेसबुकवर बंदबद्दल दोन ओळी लिहिल्या, दुसरीने लाईक केलं, दोघींना अटक, आणि लिहिणारीच्या काकांचं हॉस्पिटल लोकांनी फोडलं. जिने लाईक केलं तिने नक्की काय बोललं हे मला अजून कळलेलं नाही. आणि फोडणाऱ्यांनी कोणतं मत मांडलं?

तिसरी मर्यादा जी सगळ्यात जास्त मागितली जाते, भावना दुखावल्या, ती मात्र मला मान्य नाही. भावनेला पट्टी लावून मोजता येत नाही, ज्याच्याकडे माणसं जास्त त्याच्या भावना जास्त दुखतात असाच अनुभव आहे. वर संमतिवयाचा वाद सांगितला, त्यात रा. गो. भांडारकरांनी संस्कृत ग्रंथ उघडून दाखवलं होतं की शास्त्राचा ह्या सुधारणेला विरोध नाही, आणि टिळकांनी त्यांना ग्रंथ उघडूनच उत्तर दिलं होतं. त्याच भांडारकरांच्या नावाच्या पुण्यातल्या संस्थेवर 5 जानेवारी 2004 ला जमाव चालून गेला, एका परदेशी लेखकाने शिवाजी महाराजांवरच्या वादग्रस्त पुस्तकात तिथल्या लोकांचे आभार मानलेत म्हणून, आणि जुनी हस्तलिखितं, पुस्तकं, कपाटं उद्ध्वस्त केली. आभार मानलेत म्हणून! एकशे तेरा वर्षांत आपण ग्रंथ उघडण्यापासून ग्रंथ फाडण्यापर्यंत आलो, आणि वर म्हणतो समाज पुढे गेला.

आता हे सगळं वाचून आमचे पुरोगामी मित्र खूश होतील, तर त्यांनाही जरा. एका ग्रुपमध्ये, नाव कशाला घेऊ, सगळी भली माणसं आहेत, विधवा प्रथा पाळणाऱ्या घरावर बहिष्कार टाकायचा का अशी चर्चा चालली होती. मी विचारलं की बहिष्कार टाकला तर त्या घरातल्या विधवेकडे कोण जाणार, तिचे सगळे दरवाजे तिच्याच नावाने बंद करायचे का. संध्याकाळपर्यंत मी प्रतिगामी झाले, मनुवादी झाले, कोणीतरी माझं आडनाव काढलं, आणि रात्री अ‍ॅडमिनने ग्रुपवर शिस्त राहावी म्हणून मला काढून टाकलं. प्रश्नाचं उत्तर राहिलंच. क्रांतीला प्रश्न विचारणं हेही बोलणंच आहे ना? वाळीत टाकणं मुरूडच्या लोकांनी केलं तर कर्मठपणा आणि आपण केलं तर चळवळ, हे काही मला जमत नाही बाई.

अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या नरेंद्र दाभोलकरांचं आठवतं अशा वेळी. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी हा माणूस अठरा वर्षं झगडला. मसुदा परत परत कापला गेला, वारकऱ्यांना शंका आली, त्यांच्याशी बोलले, एक शब्द काढला, अमुक कलम गाळलं, आमदार म्हणाले हे नको तर ते सोडलं. कार्यकर्त्यांनाच वाटायचं की आता ह्यात उरलं काय. देवाधर्माला हात लावत नाही, फक्त फसवणूक आणि अघोरी प्रकार तेवढे थांबवा, हेच सांगत राहिले. म्हणजे करण्यात इतका सबुरीचा माणूस की क्रांतिकारकांनी नावं ठेवावीत, आणि बोलण्यात एक इंचही मागे नाही. 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या घातल्या. चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा पास झाला, अनुसूचीत बारा कलमं. खटल्याचा निकाल मे 2024 मध्ये, दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष सुटले. मारणाऱ्यांना कायद्याची भीती वाटत नव्हती, कायदा तर कापून कापून एवढासा झाला होता. त्यांना तो माणूस गावोगाव जाऊन हसत हसत बोलतो, समोरच्याचं ऐकून घेतो आणि मग परत बोलतो, ह्याची भीती होती असं मला वाटतं.

आमच्या गावच्या ग्रामसभेत आता विधवा प्रथेचा ठराव यायचाय. मसुदा भाचीने लिहिलाय, आत्याचं नाव सूचक म्हणून घातलंय, आत्याला विचारून. त्यात तिने प्रथा पाळणाऱ्या घराला पाच हजार रुपये दंड असं एक कलम टाकलंय. मी फोन करून सांगितलं की अगं हे कलम काढ, ग्रामपंचायतीला असा दंड लावता येतो की नाही तेच आधी बघावं लागेल, आणि गरीबाच्या घरी मयत झालंय तिथे पावतीपुस्तक घेऊन कोण जाणार आहे. ती म्हणाली मावशी, ते मला पण माहितीये, दंड सभेत काढतीलच, पण तो काढायसाठी तरी तासभर बोलतील की सगळे, नाहीतर सरपंच दोन मिनिटांत सर्वानुमते मंजूर म्हणून चहा मागवेल.

काल तिने मसुदा शुद्धलेखन तपासायला पाठवलाय. पाच हजाराचे दहा हजार केलेत.